पोरांच्या गाड्या अन् उसाची ट्रॉली

पोस्ट जरा लांब आहे, पण विषय आपल्याच रस्त्यावरचा आहे, म्हणून पूर्ण वाचा.

दसरा झाला की मुरुडात दर रविवारी सकाळी बार्शी रोडला पंधरा-वीस गाड्या गोळा होतात. शाईन, पल्सर, दोन-तीन बुलेट, एखादी बापाची स्प्लेंडर. चहा होतो, फोटो होतो अन् पोरं निघतात. कधी तेरणेच्या काठानं तेर, पुढं येडशीचं रामलिंग. कधी धनेगावला मांजरा धरण बघायला. सोयाबीन निघालेलं असतं, रानं मोकळी झालेली असतात, नदीला पाणी असतं, ऊन अजून चावत नाही. आपल्याकडं वर्षातले हे पाच-सहा आठवडेच खरे फिरण्याचे. पुढं हिवाळ्यात नदी आटायला लागते अन् फेब्रुवारीनंतर तर बघायलाच नको.

गेल्या पंधरा दिवसांत गावातल्या तीन-चार ग्रुपवर मोठ्या माणसांनी ह्या पोरांवर बरंच लिहिलं. "कामून बोंबलत फिरतेत?", "बापाचं पेट्रोल जाळतेत", "पोलिसांनी गाड्या जमा कराव्यात". एकानं तर ग्रामपंचायतीनं ठराव घ्यावा असंही सुचवलं. माझं मत वेगळं आहे. मी पोरांच्या बाजूनं आहे. पण त्यांच्याकडून मला एक गोष्ट पाहिजे, अन् तुमच्या-आमच्याकडून त्याहून मोठी.

आधी पोरांची बाजू सांगतो. जी पोरं आज अठरा-एकोणीसची आहेत, ती 2016 साली तिसरी-चौथीत होती. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या फेरीत दहा वाघिणी अन् पाच लाख लिटर पाणी. ती गाडी आपल्या मुरुडवरूनच पुढं गेली. म्हणजे ह्या लेकरांनी पाणी आधी रेल्वेतून जाताना पाहिलं, नदीतून वाहताना नंतर. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मांजरा धरण भरलं, तेव्हा आख्खं लातूर ते बघायला लोटलं होतं, आपण मोठी माणसंही गेलो होतो. तेव्हा कुणी कुणाला बोंबलत फिरतोस म्हणालं नाही. अन् 2025 च्या सप्टेंबरात ह्याच मांजरा-तेरणेनं काठची रानं मातीसकट खरवडून नेली. दहा वर्षांत एकाच नदीची ही दोन टोकं पाहिलेल्या पोराला ती नदी जवळ जाऊन बघावी वाटली तर त्यात वाईट काय आहे?

आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे की तावरजा नदी आपल्या मुरुडजवळच उगम पावते अन् पुढं शिवणीला मांजरेला मिळते? शाळेत गंगा-यमुना पाठ केल्या, गावची नदी कुणी दाखवली नाही. ही पोरं गाडी घेऊन का होईना, ती बघायला जातात. घरी बसून मोबाइलवर रमी खेळण्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं. (त्यांच्यात अजून एकही मुलगी नसते, हे मला खटकतं. पण तो वेगळा विषय, त्यावर नंतर लिहीन.)

तेरचंच घ्या. ढोकीवरून आत वळलं की तेर. आपल्याला ते गोरोबाकाकांचं गाव म्हणून माहीत. पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक प्रवासवर्णनात ह्या गावाचं नाव तगर म्हणून आलंय. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं नगर, अन् इथला माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जातो, असं त्यात लिहिलंय. म्हणजे तेरणेच्या काठच्या ह्या रस्त्यावर गाड्यांचा ताफा काही आज पहिल्यांदा निघत नाही! रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय तिथंच आहे. पोरांनो, रील काढून लगेच किक मारू नका. अर्धा तास तिथं घाला.

रामलिंगला जाताना मात्र एक ध्यानात ठेवा. ते अभयारण्य आहे. खाली दरीत देऊळ आहे, माकडं आहेत, म्हातारी माणसं दर्शनाला येतात. तिथं सायलेन्सर बदललेली बुलेट फटाके फोडत नेणं ह्याला फिरणं म्हणत नाहीत. गाडीच्या मूळ सायलेन्सरमध्ये असा बदल करणं कायद्यातही बसत नाही. पोलिसांनी अशी गाडी धरली तर मला फोन करू नका, मी येणार नाही. अन् मांजरेच्या बॅरेजवर गेलात, नागझरी असो, साई असो, तर दारांच्या खालच्या अंगाला पाण्यात उतरू नका. वरून पाणी सोडलं की खाली चढायला वेळ लागत नाही, अन् आभाळ कोरडं असलं तरी धरणातून पाणी सुटू शकतं.

आता गाड्यांचा घोळका चालवायचा कसा, ह्याबद्दल. माझं बार्शी रोडला स्पेअर पार्टचं दुकान आहे, वीस वर्षं गाड्याच बघतोय. घोळक्यात होतं काय, की पुढचा साठनं चालला तर शेवटच्याला त्याला गाठायला ऐंशी करावे लागतात. वळणावर मागं पडलेला पोरगा सरळ रस्ता लागला की पिळतो. पुढच्याला वाटतं सगळं नीट चाललंय, मरण मात्र शेपटीला असतं. म्हणून सगळ्यात कमी चालवणाऱ्याला पुढून दुसरा ठेवायचा अन् सगळ्यात जाणत्याला सगळ्यात मागं. प्रत्येक फाट्यावर थांबायचं, गाड्या मोजायच्या, मगच निघायचं.

हे काही मी नवीन सांगत नाही. घटस्थापनेला आपलीच मंडळं तुळजापूरहून ज्योत आणतात. पळणारा पुढं, गाड्या-टेम्पो त्याच्या मागं. तिथं वेग पळणारा ठरवतो, गाडीवाला नाही. रात्रभर चालतं तरी कुणी मागं सुटत नाही. तीच पोरं पंधरा दिवसांनी रविवारी गाडीवर बसली की हे सगळं विसरतात.

हेल्मेटचं सांगून माझं तोंड दुखलं. 2022 साली देशात रस्त्यावर 1 लाख 68 हजार माणसं गेली, त्यातली 44 टक्के दुचाकीवरची. हेल्मेट नसताना गेलेली सुमारे 50 हजार, अन् त्यात मागं बसलेलेही हजारोंनी. कायद्यात मागच्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे, पण आपल्याकडं मागचा फक्त रुमाल बांधतो. आयएसआयचं हेल्मेट घ्या. माझ्याकडूनच घ्या असं नाही, कुठूनही घ्या, पण रस्त्याच्या कडेला दोनशे रुपयांना मिळणारी टोपडी घेऊ नका. ती पडल्यावर फुटते अन् आत काही वाचत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

पोरं सकाळी जातात तेव्हा मला भीती वाटत नाही. मला भीती वाटते ती परत येताना. कार्तिकात आपल्याकडं पावणेसहाला दिवस मावळतो, सव्वासहाला मिट्ट अंधार. अन् दिवाळीच्या आगेमागेच कारखान्यांचे बॉयलर पेटलेले असतात. म्हणजे जो काळ फिरायला सगळ्यात चांगला, त्याच काळात आपल्या रस्त्यांवर उसाचं वाहन सुरू होतं. ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, मिळून वीस टनांच्या आसपास ऊस. मागं वाढे असे लोंबत असतात की ट्रॉलीला दिवा असला तरी तो झाकून जातो. बऱ्याच ट्रॉल्यांना तो नसतोच. ड्रायव्हरनं टेप एवढा मोठा लावलेला की मागून हॉर्न वाजवला तरी त्याला ऐकू जात नाही.

त्यातून ट्रॉली पंक्चर झाली किंवा आक्सल गेला की ती तिथंच, अर्धी डांबरावर, रात्रभर उभी. चाकाला दगड लावतात. सकाळी ट्रॉली जाते, दगड तसेच राहतात, दुसऱ्या दिवशीच्या गाडीवाल्यासाठी.

हिशोब करून बघा. तासाला साठच्या वेगात गाडी एका सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. डिम लाईटमध्ये समोरचं तीस-चाळीस मीटर नीट दिसतं. समोरून ट्रक आला, डोळे दिपले, तर तेवढंही नाही. ट्रॉली दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत 17 मीटर गेलेले असतात. पुढं गाडी थांबायला आणखी वीस-पंचवीस मीटर लागतात. म्हणजे सगळं बरोबर केलं तरी गाडी ट्रॉलीला टेकूनच थांबते. ऐंशीला तर हिशोबच नको.

माझ्या चुलतभावाचा पोरगा असाच गेला. उभ्या ट्रॉलीवर, संध्याकाळी सातच्या सुमाराला. तो कुठल्या राईडला गेला नव्हता. लातूरहून ड्युटी करून घरी येत होता, पन्नासच्या वर गाडी चालवत नव्हता, हेल्मेट होतं. उसाचे बुडखे त्या हेल्मेटच्या खालून लागले. ट्रॉली कुणाची, ऊस कुणाचा, हे इथं लिहीत नाही. त्यानंतर गावात जो तो म्हणाला, आजकालची पोरं जोरात चालवतात. त्याच्या आईसमोर म्हणाले.

म्हणून पोरांना शिव्या देणाऱ्या मंडळींना माझा प्रश्न आहे. ग्रुपवर लिहिणाऱ्या तुमच्यापैकी किती जणांच्या दारात ट्रॉली आहे? तिला मागं रेडियम आहे का? ठराव घ्यायचाच असेल तर त्याचा घ्या.

दरवर्षी मोळी टाकायच्या दिवशी दोन ट्रॉल्यांना रेडियम लावतानाचा फोटो निघतो. अधिकारी असतात, संचालक असतात, पेपरात बातमी येते. मी त्याला नावं ठेवत नाही, पण ती पट्टी ट्रॉलीच्या फाळक्यावर चिकटवलेली असते अन् ऊस भरला की वाढ्यांखाली जाते. आपल्याला पाहिजे ती ऊस भरून झाल्यावर मागं, वाढ्यांच्या वरून अडकवायची लाल कापडी पट्टी, तिच्यावर रेडियम. ती रोज बांधायची अन् रोज सोडायची. हे काम ड्रायव्हर आपण होऊन करणार नाही. त्याला टनावर पैसे मिळतात, खेपा वाढवायच्या असतात, ठेकेदाराची उचल फेडायची असते. त्याला दोष देऊन भागत नाही.

भागेल ते वजनकाट्यावर. प्रत्येक ट्रॉली काट्यावर येते, तिचा नंबर लिहिला जातो, पावती निघते. कारखान्यानं एवढंच ठरवावं की मागं पट्टी नसेल तर ट्रॉली काट्यावर घ्यायची नाही. आठ दिवसांत सगळ्या ट्रॉल्यांना पट्ट्या दिसतील. उसाची नोंद, तोडीची तारीख, जात, गट नंबर हे सगळं कारखाना बघू शकतो, तर पट्टी बघायला काय अवघड आहे? आपल्या भागातल्या प्रत्येक कारखान्याचे सभासद इथं वाचत आहेत. संचालक तुमच्या लग्नाकार्याला येतात, तेव्हा हार घालायच्या आधी एवढं विचारा.

अन् शेतकऱ्यांनाही सांगतो, मीही शेतकऱ्याच्याच घरातला आहे. सोयाबीन डांबरी रस्त्यावर वाळत घालणं अन् भोवती दगड मांडणं बंद करा. खळी राहिली नाहीत हे खरं, पण त्या भुश्श्यावरून दुचाकी अशी सरकते की सांगता सोय नाही.

पोरांकडून मला पाहिजे ती एकच गोष्ट: दिवस मावळायच्या आत घरी. त्याप्रमाणे ठिकाण निवडा. तेर-रामलिंग होतं, धरण होतं, पहाटे निघालात तर नळदुर्गचा पाणीमहालही होतो. सहस्रकुंडचा धबधबा एका दिवसात जाऊन येतो म्हणणारे मला माहीत आहेत. जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे परतीचा अर्धा रस्ता अंधारात, तोही उसाच्या पट्ट्यातून. तिथं जायचंच तर नांदेडला मुक्काम करा, कुणाचा ना कुणाचा मामा तिथं असतोच. अंधार झालाच तर पहिल्या गावात थांबा, घरी फोन करा. बाप शिव्या देईल, देऊ द्या.

माझ्याकडून एवढं करतोय. दुकानात लाल पट्ट्या शिवून आणल्यात, रेडियमसकट, दोन्ही बाजूंना हूक लावलेले. मुरुड अन् आसपासच्या गावांतल्या ट्रॉलीवाल्यांनी येऊन न्याव्यात, पैसे नकोत. पन्नास आहेत, संपल्या तर अजून शिवतो. शिवायला कुणाला हातभार लावायचा असेल तर कापड आणून द्या, रोख देऊ नका. पुढच्या रविवारी तेरला निघायच्या आधी पोरंही चारला उठून रस्त्यावर उभ्या ट्रॉल्यांना पट्ट्या बांधत जाणार आहेत, हे त्यांनीच काल ठरवलंय. ज्यांना "आवरा यांना" म्हणायचंय, त्यांनी त्या दिवशी पहाटे टॉर्च घेऊन यावं. दुकान चार वाजता उघडं असेल.