तबकडी नव्हे, रॉकेटचं कडं

गुढीपाडव्याची संध्याकाळ होती, 2 एप्रिल 2022. विदर्भाच्या आकाशातून पेटते गोळे रांगेने सरकत गेले आणि त्यांचे व्हिडिओ फोनाफोनांवर फिरता फिरता कुणी त्यांची उडती तबकडीही करून टाकली. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात मात्र सुमारे 3 मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. अभ्यासकांच्या मते ते फेब्रुवारी 2021 मध्ये सोडलेल्या चिनी रॉकेटचे अवशेष होते. कुणाच्या घरावर पडलं असतं तर? काळजी करायची ती याची. असे गोळे ओळखायचे कसे? उल्का क्षणांत विझते; रॉकेटचा सांगाडा सावकाश, तुटत तुटत जळतो. सूर्यास्तानंतर दिव्यांची सरळ माळ सरकताना दिसली, तर ते बहुधा स्टारलिंकचे उपग्रह: आपल्याकडे अंधार पडलेला, त्यांच्यावर अजून ऊन. आयुका ही खगोलसंशोधन संस्था ज्या शहरात आहे, ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून जिथे सामान्य माणसाला आकाश ओळखायला शिकवते आहे, त्या पुण्यात तरी असले व्हिडिओ डोळे झाकून पुढे ढकलले जाऊ नयेत. पाठवणाऱ्याला आधी तारीख, वेळ आणि दिशा विचारा. उत्तर आलं नाही, तर तो व्हिडिओ तुमच्यापाशीच थांबवा.