हाडांतील ठेव आणि व्यालेली गाय

तिवसा तालुक्यातील कौंडण्यपूर वर्धा नदीच्या काठी वसलेले आहे. नदी ओलांडली की आर्वीचा, गवळाऊ गाईंचा मुलूख लागतो. ही पांढरी, चपळ जात बैलांसाठी नावाजलेली, दूध बेताचेच. दुधासाठी पाळलेल्या जर्सीच्या संकरित गाईची गोष्ट निराळी. तिसऱ्या-चौथ्या वेतात ती व्याल्यावर एक-दोन दिवसांत लटपटू लागते आणि मान कुशीकडे वळवून बसून राहते. कान थंड पडतात, शेण थांबते. या विकाराला दुग्धज्वर म्हणतात. नाव मात्र फसवे, कारण यात ताप नसतोच, उलट अंग गार पडते.

वाढ पुरी झाली की हाडांचे काम संपले, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः प्रौढ जनावराचे हाडही अखंड बदलत असते. एका प्रकारच्या पेशी जुने हाड विरघळवतात, दुसऱ्या नवे घडवतात. या देवघेवीवर संप्रेरकांचा अंमल चालतो. शरीरातील कॅल्शियमचा सुमारे ९९ टक्के भाग हाडांत आणि दातांत असतो. मोठ्या गाईच्या सांगाड्यात ते काही किलो भरते, पण रक्तद्रवात एका वेळी जेमतेम तीन-चार ग्रॅम. दहा लिटर चिकातून वीस ग्रॅमहून अधिक कॅल्शियम बाहेर पडते. बँकेच्या भाषेत, हातातली रोकड चार रुपयांची आणि मागणी वीस रुपयांची. मुदत ठेव भरपूर, परंतु ती मोडण्याचा हुकूम निघायला हवा.

तो हुकूम गळ्याजवळील परावटू ग्रंथी काढतात. रक्तातील कॅल्शियम घटताच त्यांचे संप्रेरक मूत्रपिंडाला कॅल्शियम राखायला लावते, ‘ड’ जीवनसत्त्व क्रियाशील करून आतड्यातील शोषण वाढवते आणि हाडातील ठेव मोकळी करवते. अडचण वेळेची आहे. आतड्याला सुमारे एक दिवस लागतो, हाडाला दोन. कास तितके थांबत नाही. त्यातच विण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन वाढलेले असते आणि ते हाड विरघळण्यास आवर घालते. (रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे ठिसूळ होतात, त्यामागे याच संप्रेरकाचा आवर सुटणे हे मोठे कारण असते.)

गाभण गाईला शेवटच्या महिन्यात कॅल्शियमच्या बाटल्या पाजण्याची हौस इथेच अंगलट येते. रक्तात कॅल्शियम मुबलक असले की परावटू ग्रंथींना काम उरत नाही, आणि ऐन वेळी त्या सुस्त राहतात. पोटॅशियमने भरलेला हिरवा चारा त्या संप्रेरकाला मिळणारा हाडांचा प्रतिसादच बोथट करतो. लसूणघासात कॅल्शियम आणि पोटॅशियम दोन्ही भरपूर. तो दुभत्या गाईसाठी उत्तम असला, तरी विण्यापूर्वीच्या तीन-चार आठवड्यांत त्यावर हात आखडता घ्यावा. प्रेमापोटी केलेल्या खर्चाचा हा तोटा गोरक्षण संस्थांच्या देणगीदारांनीही ध्यानात घेण्याजोगा आहे.

एकेकाळी युरोपात अशा गाईच्या कासेत हवा भरीत आणि ती उठून उभी राही! दाबामुळे दूध उतरणे थांबे व कॅल्शियम रक्तातच राही. हे कारण मात्र बऱ्याच उशिरा कळले. रक्तातील कॅल्शियमची घट हेच या विकाराचे मूळ असल्याचा सिद्धान्त स्कॉटलंडमध्ये ड्रायर आणि ग्रेग यांनी १९२५ साली मांडला. आज पशुवैद्य शिरेतून कॅल्शियम देतात आणि पुष्कळदा गाय तासाभरात उठते. ते अगदी सावकाश, हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून द्यावे लागते. घाईने दिल्यास हृदय बंद पडू शकते, म्हणून हे काम गोठ्यातल्या कुणी अंगावर घेऊ नये. पशुवैद्य येईपर्यंत गाईला एका कुशीवर आडवी पडू न देता छातीवर बसती ठेवावी, खाली जाड कडबा अंथरावा आणि तोंडाने काहीही पाजू नये. गिळण्याची शक्ती क्षीण झालेली असते. पाजलेले औषध फुप्फुसात उतरते.