घोडा नाचतो, मग डॉल्फिन का नको?

सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारावरचा लेख वाचून काही वाचकांनी विचारलं, यात्रेत घोडा नाचवलेला चालतो, मग टाकीत डॉल्फिनने उड्या मारल्या तर बिघडलं कुठे? सूर चिडका असला तरी प्रश्न रास्त आहे. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने मे २०१३ मध्येच राज्यांना कळवलं की, खेळांसाठी डॉल्फिन ठेवण्याच्या प्रकल्पांना परवानगी देऊ नये. तेव्हा महाराष्ट्रातही असे बेत चालले होते. त्याआधी चेन्नईजवळच्या ‘डॉल्फिन सिटी’त बल्गेरियाहून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांतच मेले होते. ही बंदी नुसत्या कळवळ्यातून आलेली नाही.

घोडा हजारो वर्षं माणसाच्या दावणीला वाढला, पिढ्यान्‌पिढ्या निवडला गेला. तरीही त्याला चाबकाच्या धाकाने नाचवणं गैरच, हे मी सारंगखेड्याबद्दलही म्हणेन. डॉल्फिन मात्र आजही पुरता समुद्राचा आहे. स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून तो भक्ष्य शोधतो, शिट्टीवरून सोबती ओळखतो, रोज मैलोन्‌मैल पोहतो. सिमेंटच्या टाकीत यातलं फारसं काही उरत नाही. उरते ती मासळीच्या तुकड्यासाठी मारलेली उडी. तिथे आयतं अन्न आणि औषध मिळतं, शार्कचं भय नसतं, हे खरं. पण आइसलँडजवळ पिल्लू असताना पकडलेल्या तिलिकुम या डॉल्फिनच्याच कुळातल्या ऑर्काला हे सगळं मिळत होतं. त्याने २०१० मध्ये ऑर्लँडोच्या सी-वर्ल्डमध्ये आपल्याच प्रशिक्षिकेचा जीव घेतला. पुढे २०१६ मध्ये सी-वर्ल्डनेच ऑर्कांचं प्रजनन थांबवलं. पोट भरलं म्हणजे जगणं भागलं, असं या प्राण्यांच्या बाबतीत म्हणता येत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. समुद्रापासून दूरच्या धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलाने समुद्र कधी पाहायचा? टाकी असली तर निदान त्याला डॉल्फिन तरी दिसेल. या तळमळीचा मला आदर आहे. पण अशी टाकी धडगावात येणार नाही. ती तिकीट लावून मोठ्या शहरात किंवा पर्यटनस्थळी उभी राहील. तिथवर प्रवास करायचाच, तर तो मुलगा दापोलीजवळच्या हर्णैला का जाऊ नये? पाठलाग न करता, अंतर राखून उभ्या केलेल्या होडीतून त्याला कदाचित डॉल्फिनची नुसती पाठच दिसेल, कदाचित तीही नाही. तरी तो प्राणी कुठे राहतो, हे त्याला कळेल. टाकीपुढे बसून ते कधीच कळणार नाही. शाळेच्या सहलीला एसटीच्या भाड्यात सवलत असते. उरलेला भार जिल्हा परिषदेने आणि गावातल्या सधन माणसांनी उचलावा. गरीब मुलाच्या नावाने प्राणी कोंडण्यापेक्षा त्या मुलाला समुद्रापर्यंत नेणं अधिक न्यायाचं आहे.