वाऱ्याच्या मुलखातील एक मजल

सायकलवरून दूरचा प्रवास करणाऱ्या मनुष्यास चढ सोसतो, ऊन सोसते, प्रसंगी उपासही सोसतो. परंतु समोरून येणारा वारा त्याच्या धीराचा जो कस पाहतो त्याला तोड नाही, हे माझे मत दिवसेंदिवस दृढ होत गेले आहे. चढाला कोठेतरी माथा असतो, आणि चढताना खर्ची पडलेले बळ उतारावर थोडेफार तरी पदरात परत पडते. वाऱ्याला माथा नाही, आणि त्याने वसूल केलेल्या श्रमांची भरपाई कोणत्याही खिंडीपलीकडे मिळत नाही. म्हणूनच मजलीचे किलोमीटर मोजण्याआधी मी त्या मुलखावर त्या ऋतूत वारा कोणत्या दिशेने वाहतो याची चौकशी करतो, आणि जमेल तेथे समोरचा वारा सकाळच्या ताज्या अंगावर घेऊन पाठीचा वारा तिसऱ्या प्रहरासाठी राखून ठेवतो.

मृग नक्षत्र लागण्यास काही दिवसांचा अवकाश असताना, साताऱ्याहून ठोसेघर, चाळकेवाडी आणि पाटण करीत कऱ्हाड गाठण्याचा बेत मी याच हिशेबाने आखला. या दिवसांत वारा पश्चिमेचा. कोकणातून सह्याद्री चढून तो या पठारांवर येतो. साताऱ्याचा बोगदा ओलांडून परळीच्या खोऱ्यात उतरावे तोवर मात्र त्याची चाहूलही नव्हती. समर्थांच्या वास्तव्याने ज्या परळीच्या किल्ल्याला सज्जनगड हे नाव लाभले, त्याच्या आडोशाने रस्ता निवांत चढत होता. परंतु एका वळणावर खाली उरमोडी धरणाचा जलाशय दिसला, आणि त्याच्या पाण्यावर पश्चिम काठाकडून पूर्वेकडे धावणाऱ्या बारीक लाटांच्या ओळी पाहून पुढे काय वाढून ठेवले आहे त्याची वर्दी मिळाली.

ठोसेघर मागे पडले, झाडी विरळ होत गेली, आणि चाळकेवाडीच्या सड्यावर पोचताच वाऱ्याचा अंमल सुरू झाला. समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंचीचा हा जांभ्याचा सपाट माथा. त्यावर खुरटे गवत, पूर्वेकडे वाकलेली तुरळक झुडपे, आणि दृष्टी पोचेल तेथवर पवनचक्क्यांचे मनोरे. पवनचक्कीचे तोंड यंत्राने वाऱ्याच्या दिशेस वळते ठेवलेले असते, त्यामुळे इतके मनोरे एकाच दिशेस तोंड करून उभे असलेले पाहिले की वारा कोठून येतो हे कोणास विचारावे लागत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातील शक्ती आठपट होते. या नियमामुळेच ते मनोरे या माळावर आले, आणि त्याच्याच जातीच्या नियमामुळे सायकलस्वाराची येथे दमछाक होते, कारण हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातो. पुष्कळांची अशी समजूत असते की जाताना वारा समोरून लागला तर येताना तो पाठीशी असतो, आणि हिशेब चुकता होतो. तो तसा होत नाही. निवांत हवेत ताशी २० किलोमीटर जाणारा मनुष्य ६० किलोमीटर ३ तासांत कापील. परंतु तेच अंतर अर्धे ताशी १० ने आणि अर्धे ताशी ३० ने कापायचे ठरले, तर त्याला ४ तास लागतील. विरोधातला काळ अनुकूलतेतल्या काळाच्या तिप्पट असतो, आणि अंगाला स्मरण राहते ते काळाचे.

सोबत चार जण असले म्हणजे आळीपाळीने एकाने पुढे होऊन वारा अंगावर घ्यावा आणि बाकीच्यांनी त्याच्या आडोशाने चालावे, अशी सोय असते. एकट्याला ती कुमक नाही. १९२३ साली मुंबईहून सायकलवर जगप्रवासास निघालेल्या पारशी तरुणांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा १९२८ साली परतले, ते एकमेकांच्या साथीने. परंतु १९२४ साली फ्रामरोज दावर निघाले ते एकटेच, आणि पुढे व्हिएन्नात जोडीदार मिळेपर्यंत वाटेवरचा सारा वारा त्यांनी एकट्याच्या छातीवर घेतला. या माळावर मला त्यांची फार आठवण झाली आणि त्यांच्याविषयीचा माझा आदर दुणावला.

कोपरे दुमडून, कपाळ हँडलच्या जवळ नेऊन मी चाललो होतो. कानांत अखंड घोंघावणे, आणि कॅरिअरच्या दोन बाजूंच्या पिशव्या वाऱ्याचा प्रत्येक झोत झेलत होत्या. रस्ता दक्षिणेकडे वळला तसा वारा उजव्या कुशीवर आला, आणि तोल राखण्यासाठी सायकल सतत उजवीकडे कललेली ठेवावी लागली. एके ठिकाणी रस्त्याकडेला पुरुषभर उंचीचा जांभ्याचा बांध होता. त्याच्या आड शिरताच वारा एकाएकी पडला, ज्याच्यावर रेलून मी चाललो होतो तोच नाहीसा झाला, आणि पुढचे चाक वीतभर उजवीकडे सरकले. बांध संपताच तसाच धक्का उलट बाजूने बसला. वारा आपण किती अंगवळणी पाडून घेतला आहे हे तो थांबल्यावाचून ध्यानात येत नाही.

पुढे एका घरापाशी थांबलो. म्हाताऱ्या घरधनिणीने तांब्याभर ताक आणून दिले आणि विचारले, “एकलाच हाईस व्हय रं बाळा?” मी होय म्हटले. “वारं कोकणातनं चढाय लागलंय. चार दिसांत ढग येत्याल बघ,” ती म्हणाली. “आजी, एवढ्या वाऱ्यात निभावता कसं?” असे मी विचारले, तेव्हा तिने घरामागच्या निवडुंगाच्या आणि करवंदीच्या दाट कुंपणाकडे बोट दाखवले. त्या कुंपणाच्या आडोशाला कोंबड्या निश्चिंत दाणे टिपीत होत्या.

पाटणचा घाट उतरलो आणि दिवसाचे स्वरूपच पालटले. कोयना येथून पूर्वेकडे कऱ्हाडास कृष्णेच्या भेटीला जाते, आणि तिच्या खोऱ्याने निघालेला रस्ता वाऱ्याला पाठीशी घेऊन चालतो. कानांतले घोंघावणे थांबले. साखळीचा बारीक आवाज, उसाच्या शेतातून वाहणाऱ्या पाटाचे पाणी, बांधावर कोणी कोणास मारलेली हाक, हे सारे स्पष्ट ऐकू येऊ लागले. ऊन उतरण्याच्या आधीच मी कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर मुक्कामाला पोचलो.

त्या वृद्धेच्या कुंपणाचा विचार मात्र अजून मनातून जात नाही. आपल्या जुन्या रस्त्यांच्या दुतर्फा वड, चिंच आणि आंब्याची झाडे होती, ती केवळ सावली देत नव्हती. दाट परंतु थोडी हवा झिरपू देणारी वृक्षांची रांग तिच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी करते. भिंतीने तसे होत नाही, कारण भिंतीवरून उसळलेला वारा पलीकडे भोवरे करतो. रस्ता रुंद करताना ती झाडे तोडली जातात, तेव्हा पायी वा सायकलवर शाळेत जाणाऱ्या मुलांचा आणि बाजाराचे ओझे घेऊन निघालेल्या शेतकऱ्याचा आडोसा तोडला जातो. त्या कामाच्या अंदाजपत्रकात खडी, मुरूम आणि डांबर यांच्या जोडीला नव्या झाडांच्या लागवडीचा आणि निदान पाच पावसाळे त्यांची निगा राखण्याचा खर्च स्वतंत्र रकान्यात मांडला जावा, आणि तो मांडल्याशिवाय कोणत्याही अधिकाऱ्याने त्या कागदावर सही करू नये.