नकाशा संगणकात गेला, मान मात्र कामगाराची अडकली



आमच्या विभागात गेले वर्षभर एक काम धडाक्यात चालले आहे. ड्रॉइंग ऑफिसच्या कपाटांत पिढ्यान्‌पिढ्या साठलेले यार्डाचे प्लॅन, सिग्नल सर्किटच्या शीटा, केबलचे आराखडे, पुलांच्या गर्डरची ड्रॉइंगे, सगळे ठेकेदाराच्या माणसांकडून स्कॅन करून घ्यायचे आणि त्यांची ‘कॅड’ फाईल बनवायची. म्हणजे पडद्यावर रेघ पुसता येईल, सरकवता येईल, नवी ओढता येईल. ठेका शीटमागे आहे. जितक्या शीटा तितके पैसे. शीट बरोबर आहे की चूक, याचा एक पैसाही ठेक्यात नाही.

बैठकीत साहेब म्हणाले, काम पूर्ण होत आले. मी विचारले, तपासले कोणी? उत्तर आले, “मशीनने केले आहे, त्यात तपासायचे काय?” या एका वाक्यापायी हा लेख लिहायला बसलो.

आम्ही संगणकाच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर ‘युनियनवाले आडमुठे’ म्हणून मोकळे होतील. आमच्या आधीच्या पुढाऱ्यांनी संगणकाविरुद्ध मोर्चे काढले हे खरे. आणि आरक्षणाच्या खिडकीवरचे जाडजूड रजिस्टर गेले, त्याने प्रवाशाचे भले झाले, हेही खरे. जीर्ण झालेला अमोनिया प्रिंट हातात धरला की तुकडे पडतात. तो संगणकात जायलाच हवा. भांडण आहे ते कसा जातो आणि कोणाच्या सहीने जातो, याचे.

यात गोम कुठे आहे ते मला पुरते कळले काशीच्या राजा घाटावर. युनियनच्या कामाला वाराणसीला गेलो होतो. इंजिन कारखान्यातल्या साथींना भेटून संध्याकाळी राजा घाट पाहायला निघालो. रिक्षावाल्याने नेऊन उभे केले राजघाटावर! तिथे आपला मालवीय पूल आहे, 1887 साली खुला झालेला, खालून गाडी आणि वरून रस्ता. रेल्वेवाल्याने तो पाहावाच. पण आम्हाला हवा तो घाट दशाश्वमेधाच्या दक्षिणेला राहिला होता. एक काना गळला आणि आम्ही घाटांच्या उत्तर टोकाला पोचलो. हा काना लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

राजा घाट हा अमृतराव पेशव्यांचा. राघोबादादांचे हे दत्तक पुत्र, दुसऱ्या बाजीरावांचे थोरले भाऊ. इंग्रजांचा तनखा घेऊन ते उत्तरेत आले आणि त्यांनी हा घाट दगडात बांधून काढला. आपल्या माणसाचे काम म्हणून बघत बसलो होतो. खाली आर्किटेक्चर शिकणारी दोन पोरे टेप लावून पायऱ्या मोजत होती, शेजारी लॅपटॉप. चौकशी केली. घाटाच्या एका जुन्या नकाशाचा स्कॅन त्यांनी सॉफ्टवेअरला दिला होता. मशीनने दोन मिनिटांत कॅड फाईल हातात ठेवली. पण मोजायला बसले तर फाइलीत एक पायरी जास्त! ही आली कुठून? नकाशा वर्षानुवर्षे जिथे घडी घालून ठेवला होता, त्या घडीची रेघ. मशीनने घडीची पायरी केली होती. उलट, पुराने आणलेल्या गाळाखाली ज्या खऱ्या पायऱ्या गेल्या होत्या, त्या टेपलाही सापडेनात. त्यासाठी पोरांनी घाटावरच्या एका म्हाताऱ्या नावाड्याला विचारले. त्याने बोटावर मोजून सांगितले.

मी त्या मुलाला विचारले, मशीन असे का करते? त्याने सांगितले ते इथे देतो, कारण आपल्या शाखांना साहेबांशी बोलताना उपयोगी पडेल. कागद स्कॅन केला की संगणकाला त्यात रेघ दिसत नाही, काळे-पांढरे ठिपके दिसतात. ठिपक्यांची रांग सापडली की सॉफ्टवेअर अंदाजाने रेघ ओढते. मग ती घडी असो, चहाच्या कपाचा गोल डाग असो की खराखुरा रूळ असो. तुटक रेघेचे वीस सुटे तुकडे होतात. आकड्यांत 3 चा 8 होतो, दशांशाचा ठिपका धूळ समजून पुसला जातो. पीडीएफ फाईलसुद्धा दोन जातींची असते. एक मुळात संगणकावरच काढलेल्या ड्रॉइंगची, तिच्यात रेघा शाबूत असतात, ती बऱ्यापैकी नीट उतरते. दुसरी नुसता कागदाचा फोटो. आपल्या कपाटांतला बहुतेक माल या दुसऱ्या जातीचा होणार. शिवाय कागद दमट हवेत फुगतो, उन्हात आक्रसतो. म्हणून जुने ड्राफ्ट्समन बजावत, नकाशावर पट्टी लावू नका, लिहिलेले माप घ्या. मशीन नेमकी पट्टीच लावते!

आता हे आपल्या सिग्नलच्या शीटला लावून बघा. रिलेच्या नावाशेजारी एक बारीक बाण असतो. वर असेल तर नेहमीच्या स्थितीत रिले उचललेला, खाली असेल तर पडलेला. तांदळाएवढा बाण. तो डाग समजून गेला किंवा उलटा वाचला गेला तर? काळी रेघ म्हणजे आहे ते आणि तांबडी म्हणजे व्हायचे आहे ते. पैसे वाचवायला शीट काळी-पांढरी स्कॅन केली की आहे आणि व्हायचे आहे दोन्ही एक होतात. राजा घाटाचा काना गळला, आमची फक्त संध्याकाळ गेली. इथे गाडी जाते.

आणि याहून मोठी गोष्ट अशी की स्कॅन होतो तो ऑफिसातला कोरा करकरीत ट्रेसिंगचा. खरा नकाशा तिथे नाहीच. खरा नकाशा असतो सिग्नलच्या गुमटीत, तेलकट बोटांचे ठसे उमटलेला, ज्यावर मेंटेनरने तांबड्या पेन्सिलीने लिहिलेले असते: ही केबल पावसाळ्यात खचली म्हणून पलीकडून नेली, हा कोर खराब, शेजारचा जोडला. त्या पेन्सिलीच्या नोंदी ऑफिसात कळवल्या जातात, ऑफिसात फाईल फिरते, ट्रेसरची जागा रिकामी असते आणि मूळ शीट आहे तशीच राहते. आमच्या विभागात हेच झाले. नव्या कॅड प्लॅनमध्ये केबल रुळाच्या एका बाजूला, प्रत्यक्षात दुसऱ्या बाजूला. जेसीबीने खणले, केबल तुटली, गाड्या तासन्‌तास खोळंबल्या. एसएफ-11 कोणाला मिळाला? फाईल करणाऱ्या ठेकेदाराला? तपासल्याशिवाय बिल पास करणाऱ्याला? नाही. जागेवर उभ्या असलेल्या मेंटेनरला, “केबलची खात्री केली नाही” म्हणून. त्याची तांबड्या पेन्सिलीची शीट आम्ही चौकशीत पुढे ठेवली, तेव्हा प्रकरण निवळले. ती शीट कोणी रद्दीत टाकली असती तर?

हा बागुलबुवा नाही. 2 जून 2023 रोजी बालासोरजवळ बहनागा बाजारला जे घडले त्यात जवळजवळ 300 माणसे गेली. सुरक्षा आयुक्तांच्या अहवालातला निष्कर्ष सरकारनेच जुलै 2023 मध्ये राज्यसभेत सांगितला: गुमटीतल्या सर्किटमध्ये पूर्वी केलेल्या बदलात आणि गेटचा बॅरियर बदलण्याच्या कामात त्रुटी राहिल्या. कागद काय म्हणतो आणि वायर कुठे जाते, यांत फरक पडला की काय होते, ते हे. आणि त्याच महिन्यात अटक झाली तीन रेल्वे कर्मचाऱ्यांना. त्यांचा दोष किती हे न्यायालय ठरवील, मी ठरवणार नाही. पण अटकेची शिडी कुठल्या पायरीवर थांबते, ते आपण सगळ्यांनी पाहिले.

इंग्लंडात 12 डिसेंबर 1988 ला क्लॅपहॅम जंक्शनला असाच प्रकार झाला होता. जुनी वायर न कापता तशीच सोडली, 35 माणसे मेली. पण तिथल्या चौकशीने हेही विचारले की वायर जोडणाऱ्याला विश्रांती किती होती. तेरा आठवड्यांत एक सुटी! आपल्याकडे हा प्रश्न चौकशीत कोण विचारतो?

प्रशासनाला वाटते नकाशा म्हणजे कागद. कागद संगणकात गेला की ड्राफ्ट्समन नको, ट्रेसर नको. वाराणसीच्या कारखान्याचाच इतिहास बघा. अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या सहकार्याने तो उभा राहिला, 3 जानेवारी 1964 ला पहिले इंजिन लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बाहेर पडले. अल्को 1969 साली बंद पडली. तिच्या जातीची इंजिने मात्र वाराणसीत पुढे कित्येक वर्षे बनत राहिली. नुसत्या ड्रॉइंगांच्या गठ्ठ्यावर? ती वाचणारी, शॉपमध्ये जाऊन जुळवून बघणारी माणसे पगारावर होती म्हणून.

टपाल खात्यातल्या साथींना यात आपले काही नाही असे वाटत असेल, तर बीटचा नकाशा आठवा. ऑफिसातल्या कागदावरून बीट संगणकावर आखली की दोन गल्ल्या शेजारी दिसतात. मध्ये नाला आहे, हे पोस्टमनच्या चपलेला ठाऊक. उशीर झाला की मेमो चपलेलाच!

तेव्हा आमचे म्हणणे असे. कॅड फाईल झाली की ती आपोआप ‘मंजूर’ होणार नाही. ड्राफ्ट्समन आणि त्या जागेचा मेंटेनर दोघांनी मिळून, हातात शीट घेऊन, जागेवर फिरून ती तपासायची. त्याला लागणारे दिवस ड्युटी म्हणून धरायचे. रात्रपाळी करून सकाळी ‘जरा बघून सही कर’ हे चालणार नाही. सही करणाऱ्यात अधिकाऱ्याचे नाव वर असेल. न तपासलेल्या फाइलीवर ठळक अक्षरांत तसे लिहिलेले असेल आणि तिच्या आधाराने कोणालाही चार्जशीट देता येणार नाही. ड्रॉइंग ऑफिसातल्या रिकाम्या जागा भरा, त्याच पोरांना कॅड शिकवा. ठेकेदाराला देता तो पैसा तिकडे वळवा.

पीएनएमच्या पुढच्या बैठकीत हा विषय आम्ही घालतो आहोत. त्याआधी प्रत्येक शाखेने एवढे करावे. गुमटीत, केबिनमध्ये, गँगच्या खोलीत पेन्सिलीने दुरुस्त केलेल्या जितक्या शीटा असतील त्यांची यादी करा, तारखेसह फोटो काढा, एक प्रत शाखेत ठेवा. स्कॅनिंगसाठी म्हणून कोणी मूळ शीट न्यायला आला तर पोच घेतल्याशिवाय देऊ नका. पोचेवर लिहून घ्या, ‘तांबड्या दुरुस्त्यांसह’.