काटा कुणाचा?

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या माळ्यावरून एक खोकं खाली आलं. माझा कॉलेजातला लॅपटॉप, दोन राउटर, सेट-टॉप बॉक्स आणि कशाचा काय ते न कळणारा वायरींचा गुंता. आईचा हुकूम, "रविवारच्या आत हे घराबाहेर."

खानवेलला आमच्या गल्लीत नेहमीचा भंगारवाला येतो. त्याने सगळं काट्यावर टाकलं आणि १८० रुपये हातावर ठेवले. आई खूश, मीही. (हार्ड डिस्क मात्र मी आधीच काढून घेतली होती. तुम्हीही काढा, नुसतं डिलीट केलेलं सहज परत मिळवता येतं.) जुना डबा टीव्ही त्याला नको होता. "तांब्याची कॉइल काढून नेतो, काच तुम्हीच ठेवा." त्या काचेत शिसं असतं. टीव्ही गॅलरीतच राहिला.

दोन दिवसांनी साकरतोडच्या काठाने फिरताना जळक्या प्लास्टिकचा वास आला. दोन मुलं वायरींचं भेंडोळं पेटवून तांबं मोकळं करत होती. एक आमच्याकडे दूध घालणाऱ्या मावशींचा नातू, सातवीतला. म्हटलं, "अरे, धूर जातोय नाकात!" तर म्हणाला, "काका, वारा तिकडे आहे ना." वायरीवरचं पीव्हीसी असं उघड्यावर जळलं की डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात, ती वारा बघून थांबत नाहीत. त्यात माझी वायर होती का, ठाऊक नाही. त्या रात्री १८० रुपयांचा हिशेब काही डोक्यातून जाईना.

मग फोन लावले. एका परवानाधारक रिसायकलरने विचारलं, "किती टन?" मी म्हटलं, टीव्ही धरून वीस-बावीस किलो. जरा वेळ शांतता, मग, "आणून द्या."

त्याचीही चूक म्हणता येत नाही. एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत नोंदणी आहे ती उत्पादक, वस्तू बाजारात आणणाऱ्या कंपन्या, दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारे आणि रिसायकलर यांची. हजार किंवा जास्त उपकरणं वापरणाऱ्या संस्थांवरही जबाबदारी आहे. आपल्या दारात येणारा मात्र त्या यादीत नाही, आणि देशातला बहुतेक ई-कचरा त्याच्याच हातून जातो. कंपन्यांनी रिसायकलरकडून प्रमाणपत्रं विकत घेऊन आपलं उद्दिष्ट भरायचं, अशी रचना. सरकारने त्याला किलोमागे किमान २२ रुपयांचा दर ठरवला, तर सॅमसंग, एलजी, डायकिन अशा कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. त्यांचं म्हणणं, खर्च फार वाढतो. रिसायकलर म्हणतात, दर पडला की काम नीट होत नाही आणि माल भट्टीवाल्यांकडे जातो. मला इथे रिसायकलरांचं पटतं. पण २२ काय नि ४० काय, त्यातलं नदीकाठच्या त्या पोरापर्यंत काय पोहोचतं?

म्हणून मंडळाच्या बैठकीत विषय काढला. एका रविवारी सगळ्यांनी माल एकत्र आणायचा, अर्धा टन जमला की रिसायकलर गाडी पाठवायला तयार आहे. लगेच एक काका म्हणाले, "दान द्यायचं तर भंगारवाल्याला मधे कशाला?" मी म्हटलं, त्याला वगळलं तर तो सोमवारी आपल्या दारात येणार, आणि आपण देणार. दोन बाजूंना दोन तास बोलणी झाली. माणूस सरळ बोलला, "लॅपटॉप कंपनीला फुकट, आणि मला काय, तुमचे टीव्ही?" त्याची मागणी एकच, वायरी त्याच्याकडे. आणि नेमक्या वायरीच मला द्यायच्या नाहीत.

सध्या मधला मार्ग असा चाललाय: मंडळाने वायर सोलायचं हाताने फिरवायचं यंत्र घ्यायचं. सोललेल्या स्वच्छ तांब्याला जळक्या तांब्यापेक्षा भाव जास्त मिळतो, हे त्याला माझ्याआधी माहीत होतं. यंत्राचे पैसे कुणी घालायचे एवढाच प्रश्न होता. यंत्र मोठ्यांनीच चालवायचं, ही आमची अट त्याने मान्य केली. त्याची अट, त्या दिवशी काटा त्याचाच.

वायरींचा किलोचा दर अजून ठरलेला नाही. टीव्ही गॅलरीत आहे, आई रोज विचारते.