फोटो एकदा काढला, कितीदा वापरणार?



आपल्या बडोद्यातील मंडळे गणेशोत्सवाला छायाचित्रकार बोलावतात, घासाघीस करून एका दिवसाचे पैसे देतात. पुढे तेच फोटो स्मरणिकेत येतात, दिनदर्शिकेवर येतात, देणगीदाराच्या जाहिरातीत येतात आणि निवडणूक लागली की उमेदवाराच्या फलकावरही झळकतात. छायाचित्रकाराला विचारणा नाही, मोबदला नाही, फोटोखाली नावदेखील नाही. त्याने तक्रार केली तर उत्तर ठरलेले असते : त्या दिवसाचे पैसे चुकते केले होते.

आमचा सवाल साधा आहे. ते पैसे कशाचे होते?

काही जण म्हणतात, खुर्ची बनवून घेतली म्हणून सुताराला जन्मभर पैसे देतो काय? पण खुर्चीच्या हजार प्रती निघत नाहीत, फोटोच्या निघतात. आणि हा हिशेब मराठी माणसाला नवा नाही. नाटक बसवले की प्रत्येक प्रयोगाचे मानधन नाटककाराला द्यावे लागते, हे आपल्या हौशी संस्थांना पक्के ठाऊक आहे. लेखणीला जो न्याय, तो कॅमेऱ्याला का नाही?

येथे कायदाच छायाचित्रकाराच्या आड येतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केला नाही, तर फोटोच्या हक्कांचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो. ही तरतूद इंग्रजांच्या १९११ च्या कायद्यातून आली. खुद्द इंग्लंडने १९८८ च्या कायद्याने ती सोडली, आणि घरगुती फोटो चव्हाट्यावर येऊ नयेत म्हणून ते काढून घेणाऱ्या कुटुंबाला वेगळे संरक्षण दिले. कॅनडाने ती २०१२ साली काढून टाकली. त्याच वर्षी आपल्या संसदेने गीतकार-संगीतकारांना चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीत बरोबरीचा वाटा दिला. छायाचित्रांच्या वाट्याला काय आले? हक्काची मुदत वाढून छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे झाली. पण हक्कच दुसऱ्याच्या नावावर असेल, तर वाढलेली मुदत त्याच्या काय कामाची?

मात्र याच कायद्यात मंडळांनी विसरू नयेत अशा दोन गोष्टी आहेत. एक, मंडळाचा नोकर नसलेल्या एखाद्या हौशी मुलाने मोबदला न घेता फोटो काढले, तर त्यांचा मालक तोच. 'आपलाच मुलगा' म्हणून ते परस्पर वापरता येत नाहीत. दोन, कलम ५७ नुसार हक्क दुसऱ्याकडे गेले तरी कलावंताचा आपल्या कृतीवर नाव सांगण्याचा हक्क राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील भित्तिशिल्प सरकारनेच करवून घेतले होते. ते उखडून त्याची हेळसांड केल्याबद्दल २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे सरकारला पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली.

नावाचे मोल बडोदेकरांना सांगायला नको. होमाई व्यारावाला उतारवयात येथेच राहिल्या, २०१२ मध्ये येथेच वारल्या. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. पण त्यांचे सुरुवातीचे फोटो पतीच्या नावाने छापले गेले होते.

म्हणून आमची मागणी अशी :

१. फोटो काढण्यापूर्वी एका पानाचा लेखी करार करावा. फोटो कुठे वापरणार ते त्यात लिहावे.

२. वापर नवा असेल तर मोबदलाही नवा द्यावा.

३. प्रत्येक फोटोखाली छायाचित्रकाराचे नाव छापावे.

४. उत्सवाचा कोणताही फोटो छायाचित्रकाराच्या लेखी संमतीशिवाय राजकीय फलकासाठी देऊ नये.

आणि लोकसभेचा उमेदवार मते मागायला दारी आला, की त्याला विचारावे : कलम १७ मधील ही तरतूद बदलण्यासाठी संसदेत बोलणार का? ज्याच्या फोटोवर तुमचा प्रचार चालतो, त्याचा हक्क मान्य करायला तुम्ही तयार आहात का?